छत्रीछाप मास्क

कानबाई रविवारी बसणार हे पक्कं होतं. वाल्मिकआबा येणार की नाही, एवढंच पक्कं नव्हतं. आणि आबांशिवाय त्या घरात देवीच्या नैवेद्याचे रोट होत नाहीत, हे गोडादऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. देवीच्या रोटाची कणीक थोरल्या मुलानंच मळायची, ही रीत आबांच्या वडिलांनी, बन्सीलालबापूंनी, धुळ्याकडच्या गावाहून सुरतेला लूमवर कामाला येताना सोबत आणली होती. बापू गेले, रीत राहिली आणि परात आबांकडे आली.

पण आबा गुरुवारपासून फुगून बसले होते, आणि तेही योगितावर. योगिता म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, प्रशांतची बायको. गल्लीच्या टोकाला असलेल्या मराठी शाळेत ती विज्ञान शिकवायची. करोनामुळे बंद पडलेले नववी-दहावीचे वर्ग पावसाळ्यात पुन्हा उघडले, तेव्हा फाटकावर उभं राहून प्रत्येक पोराचा मास्क नाकावर आहे की हनुवटीवर हे बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं. आबांची मयुरी त्याच शाळेत दहावीला. गुरुवारी भर वर्गात तिला चक्कर आली. योगितानंच तिला वऱ्हांड्यात आणलं, मास्क उतरवला, पाणी पाजलं आणि जवळचं म्हणून आधी आपल्या घरी सासूबाईंकडे नेऊन निजवलं. संध्याकाळी आबांनी जाहीर केलं, की शाळा पोरांच्या जिवावर उठली आहे. मास्कचा नियम जात नाही तोवर आपल्या लोकांचं एकही पोर वर्गात बसणार नाही, आणि सुरुवात माझ्या घरापासून.

जाहीर करणं हा आबांचा जुना छंद. महापालिकेच्या निवडणुकीत ते छत्री या निशाणीवर अपक्ष उभे राहिले होते आणि भटूशेठकडून पडले होते. भटूशेठ आता नगरसेवक, शिवाय शाळेच्या मंडळावर. ते म्हणाले मास्क हवाच. म्हटल्यावर आबांना मास्क नको असणं भागच होतं. लेकीचा पांढराफटक चेहरा पाहून आबांचं काळीज हललं होतं, हे खरं. पण सोमवारच्या पालकसभेला माईक आपला न्यायचा की शाळेचा, हेही त्यांनी त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी फोन करून विचारलं होतं, हेही तितकंच खरं.

योगिताला ना भटूशेठचं प्रेम होतं ना नियमाचं. तिला काळजी होती ती मयुरीची. शाळा बंद होत्या त्या काळात मयुरी घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायला शिकली होती. हात इतका बसला, की काम देणारा साड्यांचा शेठ माल पाठवताना 'तीच मुलगी करेल ना' म्हणून विचारायचा. गल्लीतल्या आणखी दोन पोरी अशाच खडे लावता लावता शाळेतून सुटल्या होत्या, आणि शाळा उघडली तेव्हा त्यांना बोलवायला गेलेल्या योगिताला त्यांच्या आयांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. पोरगी घरी बसते ती आठवड्यासाठीच, असं सुरुवातीला सगळेच म्हणतात.

तिच्या पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात, गुरुवारी मयुरीच्या तोंडावरून काढलेला मास्क घडी करून ठेवलेला होता. गुलाबी, चकचकीत, गालावर ऐटीत उघडलेली छत्री. निवडणुकीत आबांनी वाटलेल्या मास्कांपैकीच एक. पर्वत पाटियाच्या बाजारात आबांचा साड्यांचा धंदा. न खपलेल्या साड्यांचे तागे पडून होते, ते कापून त्यांनी दुहेरी घडीचे मास्क शिवून घेतले. कापड पॉलिस्टर, वर कांजी चढवलेली, कारण छत्रीची छपाई त्यावर खुलून दिसत होती. त्यातून श्वास जात नाही, हे निवडणूकभर कोणाला कळलंच नाही, कारण निवडणूकभर सगळ्यांनी ते हनुवटीवर घातले होते. मयुरीनंही फाटकावर हनुवटीवरच घातला होता. नाकावर घे, असं तिला योगितानंच बजावलं होतं.

हा मास्क शाळेकडे असल्याचा वास भटूशेठना लागला होता. शनिवारी त्यांचा फोन आला. फार गोड बोलले. मॅडम, सोमवारी सभेला ती वस्तू तेवढी घेऊन या, बाकीचं मी बघतो, असं म्हणाले. योगितानं बघते म्हटलं आणि फोन ठेवला. मास्क टेबलावर आला की नियम टिकणार, शाळा जिंकणार, आबांची गोडादऱ्यात चेष्टा होणार; आणि चेष्टा झालेला बाप लेकीला त्या शाळेच्या फाटकात पुन्हा पाऊल टाकू देणार नाही, हे कळायला विज्ञानाची गरज नव्हती. मास्क पर्समध्येच राहिला तर आबा जिंकणार, आणि जिंकेपर्यंत मयुरी घरी. दोन्हीकडून खडेच.

शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, प्रशांतला आबांकडे पाठवलं. प्रशांतचा स्वभाव असा, की भांडण सुरू झालं की त्याला बाजारातून काहीतरी आणायचं आठवतं. तो गेला आणि निरोप घेऊन आला: आबा देवीसाठी येतील, मळतील, पण त्या घरच्या मास्तरीणबाईशी एक शब्द बोलणार नाहीत.

"बोलाले कोण सांगस?" सुभद्राबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या. "तोंड बांधीसनच तर काम शे."

तेही खरंच होतं. रोटाच्या पिठाला माणसाची वाफ लागू नये म्हणून त्या घरात कणीक मळणाऱ्यापासून रोट भाजणाऱ्यापर्यंत सगळे तोंडाला फडकं बांधत. बांधलं की बोलायचं नाही, आणि शेवटचा रोट तव्यावरून उतरेपर्यंत सोडायचं नाही. मध्येच सोडलं तर ती कणीक गाईला, आणि पुन्हा पहिल्यापासून. बोलक्या माणसांच्या त्या घरात वर्षातून एवढीच काय ती शांतता मिळायची.

रविवारी आबा आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, मागे मंदावहिनी आणि मयुरी. योगिता दारात होती. आबांनी तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरला नमस्कार केल्यासारखं केलं आणि आत गेले. मंदावहिनी मात्र चपला काढताना तिचा दंड हळूच दाबून गेल्या.

स्वयंपाकघरात चण्याची डाळ निवडायच्या निमित्तानं दोघी जावा शेजारी बसल्या. मंदावहिनींनी आवाज खाली आणून सांगितलं, की शेठनं काल खड्यांच्या साड्यांचा गठ्ठा पाठवलाय. आबा म्हणाले पोरगी घरीच आहे तर ठेवून घे. मयुरीनं काही म्हटलं नाही, गठ्ठा सोडला आणि डिंकाची बाटली घेऊन बसली. तिचं काही न म्हणणं मंदावहिनींना बोचत होतं. त्या स्वतः सातवीत असताना असंच काही न म्हणता बसल्या होत्या.

"तुम्ही आबांना सांगा ना, ताई," योगिता म्हणाली.

"मी सांगितलं तर म्हणतील, तिनं शिकवून पाठवली. तुझ्याजवळ काही आहे म्हणे. भटूशेठची बायको सांगत होती बाजारात." मंदावहिनींनी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "असेल तर काढ बाई. त्यांचं नाक कापलं गेलं तरी चालेल मला."

योगितानं पर्सकडे पाहिलं. ती खुंटीवर होती, हाताच्या अंतरावर. तेवढ्यात बाहेर आबांचा आवाज चढला. आबांची एक खूण होती: घरात ते अहिराणी बोलत, पण राजकारण डोक्यात शिरलं की थेट माईकवरची मराठी सुरू व्हायची. प्रशांतनं बिचाऱ्यानं फक्त, पोरांना मास्क असलेला बरा, दुसऱ्या लाटेत आपल्या लेनमध्ये काय झालं ते पाहिलंच ना भाई, एवढं म्हटलं होतं.

"बंधूंनो," आबा एकट्या प्रशांतला म्हणाले, "आमचा विरोध शाळेला नाही. आमचा विरोध पोरांचा श्वास कोंडणाऱ्या प्रवृत्तीला आहे."

"चौरंगाले फूलं कमी पडी ऱ्हायनात," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि प्रशांत कृतज्ञतेनं पिशवी घेऊन बाहेर पडला.

मग त्या माजघरात आल्या आणि कपाळावर हात मारून खाली बसल्या. रोटाची फडकी उंदरांनी कुरतडली, म्हणाल्या. ती फडकी बापूंच्या जुन्या धोतराची होती, मऊ सुती. वर्षभर धुऊन, घडी करून ठेवलेली. आता काय बांधायचं? बाया पदर तोंडावरून घेतील, तो सैलच असतो, जमून जाईल. पण आबांना काय? खिशातला रुमाल देवीला चालत नाही. आणि साऱ्या सुरतेला कापड नेसवणाऱ्या त्या घरात सुती म्हणावी अशी चिंधी सापडेना.

"तुन्हा त्या छत्रीना मास्क पडेल शेतस ना माळावर?" सुभद्राबाईंनी आबांना विचारलं. "कोरा शेतस. कोणी उष्टा करेल नही. त्यामाईन एक बांध."

आबांची पंचाईत झाली. मास्कविरुद्ध गल्लीत सह्या चाललेल्या, आणि मास्क बांधायचा. पण देवीचं काम, आईचं सांगणं आणि मास्कवर आपलीच छत्री. त्यांनी खाकरून सांगितलं, की देवीसाठी बांधणं वेगळं आणि शाळेसाठी बांधणं वेगळं.

"हाव ना," सुभद्राबाई म्हणाल्या. "येगळंच शे."

मयुरी शिडीवर चढली आणि माळ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीतला एक मास्क काढून तिनं वडिलांच्या हातात दिला. देताना ती काहीतरी बोलणार होती. आजीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती चौरंगापाशी हळदकुंकवाची ताटली नीट करायला गेली.

आबांनी मास्क चढवला. देवीसमोर हनुवटीवर कसा घालणार. चांगला नाकाच्या वर, डोळ्यांखालपर्यंत ओढला. परातीत पिठाचा डोंगर होता. दोन्ही चुली पेटलेल्या, खिडकी बंद, कारण वाऱ्यानं देवीचा दिवा हलत होता. श्रावणातली सुरत बाहेर जेवढी उकडत होती तेवढीच आतही. आबांनी बाह्या सरसावल्या आणि मुठी पिठात घातल्या.

सुरुवातीला काही झालं नाही. मग मास्क आत-बाहेर व्हायला लागला. आबा श्वास घेत तसा तो तोंडाला चिकटायचा, सोडला की फुगायचा, आणि त्याबरोबर गालावरची छत्री उघडझाप करायची. मंदावहिनींनी पदर दातात धरला. आबांचे कान लाल झाले. कपाळावरचं गंध घामाबरोबर ओघळून भुवईत उतरलं. त्यांनी मळणं थांबवलं, छताकडे पाहिलं, पुन्हा मळायला लागले. मग पुन्हा थांबले आणि परातीची कड धरून बसले. डोळे आईला काहीतरी विचारत होते. आईनं पदराआडून देवीकडे बोट दाखवलं.

योगिताला हसू यायला हवं होतं. पण मुठी घट्ट धरून श्वास ओढणारे आबा पाहिले आणि तिला गुरुवारची मयुरी आठवली. बाकाची कड तिनं अशीच धरली होती. योगिता उठली. देवीचा दिवा उचलून आतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला आणि खिडकी उघडली. सुभद्राबाईंनी भुवया चढवल्या, पण तोंड बांधलेलं असल्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही. आबांनी खिडकीकडे तोंड केलं आणि उरलेली कणीक तशीच, पाठ फिरवून मळली.

रोट झाले. शेवटचा तव्यावरून उतरला तसे आबा उठले आणि कोणाकडे न पाहता मागच्या दारानं पायरीवर जाऊन बसले. योगिता पाण्याचा तांब्या घेऊन गेली. आबांनी तो एका दमात संपवला. मास्क हातात होता, ओला, बोळा झालेला. तो त्यांनी उलगडला, कापड बोटांमध्ये चोळून पाहिलं, जसं दुकानात गिऱ्हाईक पाहतं. हे कापड त्यांनी आयुष्यभर विकलं होतं, पण तोंडाला कधी लावलं नव्हतं.

"गुरुवारी तिच्या तोंडाला कोणता होता?" त्यांनी विचारलं. तीन दिवसांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

योगिता आत गेली, पर्स घेऊन आली आणि चेनच्या कप्प्यातला मास्क त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा. आणि नाकावर घे, असं मीच तिला सांगितलं होतं, आबा."

आबांनी दोन्ही छत्र्या शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. मग म्हणाले, "भटूले माहीत शे?"

"माझ्याकडे आहे, एवढं त्यांना कळलंय. उद्या सभेत मागणार आहेत."

"मंग तू आजवर का नही दाखाडा?"

"दाखवला असता तर तुम्ही हरला असतात," योगिता म्हणाली. "आणि तुम्ही हरलात की मयुरी घरी बसली असती. मला तुम्हाला हरवायचं नाही, आबा. मला ती वर्गात हवी आहे."

आबांनी मान खाली घातली. माईकवरची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "पोर माले सांगे, पप्पा, दम कोंडाये. मी म्हनं, शाळानं कोंडा." त्यांनी दोन्ही मास्क सदऱ्याच्या खिशात कोंबले. "मन्हाच व्हता व माय." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायला हातात काहीच नव्हतं, कारण पॉलिस्टर पाणी पीत नाही. योगितानं आपला पदर पुढे करायचा की नाही याचा विचार केला, मग तांब्या उचलला आणि आणखी पाणी आणते म्हणून आत गेली.

रात्री सगळे रोटाला एका पंगतीत बसले. आबांनी आपल्या पानातला खिरीचा वाटा मयुरीच्या पानात सरकवला, आणि मयुरीनं तो खाल्ला.

सोमवारी सकाळी मिरवणुकीला परवानगी नव्हती, म्हणून कानबाईला गच्चीवरच्या टबात तापीचं पाणी घालून निरोप दिला. आबा पाटावरून देवी घेऊन जिना चढले, तेव्हा खाली मंदावहिनी शेठच्या माणसाला खड्यांच्या साड्यांचा गठ्ठा परत देत होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं नव्हतं. आबांनी वरून पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

संध्याकाळची सभा प्रशांतनं घरी येऊन आईला सांगितली, कारण त्या दिवशी त्याला बाजारातून काही आणायचं आठवलं नव्हतं. भटूशेठ पुढच्या रांगेत बसून योगिताच्या पर्सकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधी आबा उठले. माईक शाळेचाच घेतला. आपण सुरतेच्या लोकांनी, म्हणाले, पोरांच्या तोंडाला साड्या बांधल्या. सगळ्यांनीच, मी पहिला. आणि खिशातून दोन्ही छत्र्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. नियम राहू द्या, पण मास्क सुती हवेत, आणि ज्याला परवडत नाही त्याला मंडळानं द्यावेत, ही आमची मागणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भटूशेठना अनुमोदन द्यावं लागलं, आणि मंडळाच्या वतीनं मास्क जाहीर करावे लागले. बाहेर पडताना दोघा-तिघांनी आबांना पुढच्या निवडणुकीचं विचारलंही. आबा म्हणाले बघू, म्हणजे उभे राहणार.

प्रशांत हे सांगत होता तेव्हा सभेहून परतलेली योगिता कानबाईची भांडी पुसून ठेवत होती. रोटाची परात ठेवायला तिनं मोठ्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं. आत बापूंच्या धोतराची फडकी होती. धुतलेली, घडी घातलेली, एकही भोक नसलेली. उंदराचं नावही नव्हतं.

ती फडकी घेऊन सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. सुभद्राबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गुरुवारले पोरले आठे निजाडी, तव्हय तू पर्समा काय दपाडं ते मी देखं," त्या म्हणाल्या. "तू बोलनी नही, तेच बरं करं. बोलती तर त्यानं आयकतं नही." वात तेलात बुडवली. "आते कसाले उभी शे? मशीन काढ. पोरनं माप घी ल्हे."

"हे देवीचं फडकं आहे, आई. आणि बापूंचं धोतर."

"मंग? मन्ही नात शे ती."

मंगळवारी सकाळी योगिता फाटकावर होती. पोरं रांगेनं येत होती. कोणाचा निळा, कोणाचा पांढरा, एकाचा चक्क आईच्या परकराचा. मयुरी सगळ्यांत शेवटी येत होती, दप्तर एका खांद्यावर, तोंडावर पांढरा, जरा वाकडा शिवलेला मास्क. फाटकाशी आल्यावर तिनं तो न सांगता नाकावर घेतला आणि थांबली.

"काकू," ती म्हणाली, मग इकडे-तिकडे पाहून सुधारलं. "मॅडम, याला रोटाचा वास येतोय."

"मग घे श्वास," योगिता म्हणाली, "आणि चल आत. तास सुरू होतोय."